आग्या मोहोळ, मेलिटिन आणि खिशातली गोळी

फेब्रुवारीत सबमिशनं उरकली आणि आम्ही अकरा जण सूर्यमाळला गेलो. पावसाळ्यात त्या भागात सगळं जग धबधबे बघायला लोटतं. फेब्रुवारीत कोणी फिरकत नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं. पहाटेच्या लोकलने कसारा गाठायचं, स्टेशनबाहेर जीप ठरवायची, मग विहीगाव, खोडाळा आणि वर सूर्यमाळ. मोखाडा तालुक्यातलं हे उंचावरचं गाव २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. गवत वाळून सोनेरी झालेलं, निम्मी झाडं उघडी पडलेली आणि मध्येच एखादी काटेसावर लाल फुलांनी भरलेली.

त्यातल्याच एका काटेसावरीला आग्या मोहोळं लटकलेली होती. एक नाही, चार. खालून पाहिलं तर फांदीला कोणी काळी सुपं टांगून ठेवलीत असं वाटावं. दगड कोणी मारला नव्हता अशी सगळे आजही शपथ घेतात. माझा विश्वास आहे. पण झाडाखाली बसून आम्ही आरडाओरडा करत होतो, अर्ध्या जणांनी डिओ फवारलेला होता, आणि एका महाशयांना चहासाठी तिथेच तीन दगडांची चूल मांडायची होती. कारण काही का असेना, मोहोळ उठलं.

आम्ही वाट फुटेल तिकडे पळालो. बहुतेकांना दोन-चार डंख, आणि आमच्या मेकॅनिकलच्या दोस्ताला चौदा. बिचारा पाणी भरायला गेला होता. तो कळवळत बसला तेव्हा मी, म्हणजे केमिकलला असल्यामुळे ग्रुपमधला अर्धा डॉक्टर, सॅकमधून पेनकिलरची स्ट्रिप काढली आणि एक गोळी दिली. वर शास्त्रही सांगितलं, की दुखणं प्रोस्टाग्लँडिनमुळे होतं, गोळी तेच बंद करते, पंधरा मिनिटांत नाचायला लागशील.

वीस मिनिटांनी त्याच्या अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, एक उलटी झाली आणि त्याला गरगरायला लागलं. समोरून सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या एका बाबांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि सांगितलं, याला चालवू नका, गाडीत घाला. जीपवाल्या दादांनी गाडी कशी हाणली ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मग बाकीचं विचारलं. दहा मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय दिलंस याला?" मी सांगितलं, आणि प्रोस्टाग्लँडिनही सांगितलं. ते म्हणाले, "शास्त्र बरोबर आहे तुझं. पण अर्धंच वाचलंयस."

उरलेलं अर्धं मी परत येऊन वाचलं. तेच इथे लिहितो आहे. आपल्या हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीखालीही सध्या एक मोहोळ आहे, आणि पेनकिलरची स्ट्रिप तर प्रत्येक खोलीत असते.

सुरुवात डंखापासून करू. शाळेत आपण घोकलेलं असतं की मधमाशीच्या डंखात आम्ल असतं, म्हणून सोडा किंवा चुना लावायचा. हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण त्याने फारसं काही साधत नाही. विष कातडीच्या आत टोचलेलं असतं, चुना कातडीवर बसतो. शिवाय विषाचा जोर आम्लात नसतोच. वाळवलेल्या विषाचा साधारण निम्मा भाग एकाच पदार्थाचा असतो, त्याचं नाव मेलिटिन. २६ अमिनो आम्लांची ही एक छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड. उरलेल्यात १० ते १२ टक्के फॉस्फोलायपेज ए-टू नावाचं एन्झाइम, मग ऊतींमधला चिकटा विरघळवून विषाला वाट करून देणारं हायल्युरोनिडेज, आणि अॅपामिनसारखी काही लहान पेप्टाइडं. हे आकडे युरोपीय मधमाशीचे आहेत. आपल्या आग्या माशीचं मेलिटिन दोन-चार कड्यांचा फरक सोडला तर त्याच घडणीचं.

आता एक छोटं गणित. एका डंखात ०.१ मिलिग्रॅम विष धरा. त्यातलं निम्मं मेलिटिन, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. मेलिटिनचं रेणुभारमान सुमारे २,८५०. भागाकार करून अॅव्होगॅड्रोच्या आकड्याने गुणलं की एका डंखात मेलिटिनचे रेणू येतात साधारण १० चा १६ वा घात. एकावर सोळा शून्यं! फर्स्ट इयरला 'मोल' शिकताना हे उदाहरण दिलं असतं तर मोल जन्मात विसरलो नसतो.

एवढे रेणू करतात काय? इथे पेशीच्या भिंतीकडे वळावं लागतं. आपल्या प्रत्येक पेशीभोवती फॉस्फोलिपिडचा दुहेरी पडदा असतो. या रेणूंची डोकी पाण्याकडे आणि तेलकट शेपट्या आत, एकमेकींना बिलगून. त्यातल्या बऱ्याच रेणूंच्या मधल्या जागेवर अॅराकिडोनिक आम्ल बांधलेलं असतं. २० कार्बन आणि चार दुहेरी बंध असलेलं हे स्निग्धाम्ल, आणि प्रोस्टाग्लँडिनांचा कच्चा माल हाच. हा माल भिंतीत चिणून ठेवलेला असतो. फॉस्फोलायपेज ए-टू ही त्याला सोडवणारी कात्री. नेमका मधल्या जागेवरचा बंध ती कापते आणि अॅराकिडोनिक आम्ल मोकळं होतं. ही कात्री माशीच्या विषात असते आणि आपल्या पेशींतही असते, जातकुळी वेगळी पण काम तेच.

पण कात्री असून भागत नाही. कापडाचा घट्ट गुंडाळलेला तागा तुमच्यासमोर ठेवला आणि मधला धागा कापा म्हटलं, तर कात्री कितीही धारदार असो, घालणार कुठे? आधी ताग्याची घडी सैल करावी लागेल. फॉस्फोलायपेजची अडचण हीच आहे. एन्झाइम पाण्यात, कापायचा बंध पडद्याच्या आत. निरोगी, घट्ट पडद्यावर ते फार मंद चालतं.

घडी सैल करायचं काम मेलिटिनचं. त्याची साखळी पडद्याजवळ आली की गुंडाळून मळसूत्री होते, मधोमध एक बाक असलेली. मळसूत्राची एक बाजू तेलकट, दुसरी पाणीप्रेमी, आणि एका टोकाला धन भार. तेलकट बाजू पडद्यात घुसते, पडद्याची घडी विस्कटते, आणि पुरेसे रेणू एकत्र आले की चक्क भोक पडतं. मग कात्रीला हवी तिथे जागा मिळते. माशीची कात्री चालू लागतेच, वर आपलीही चालते. कारण पडद्याला भोक पडलं की बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, आणि आपल्या पेशीतली फॉस्फोलायपेज नेमकी कॅल्शियम वाढलं की उठून पडद्यावर जाऊन बसते. बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकांत मेलिटिनची नोंद 'फॉस्फोलायपेज ए-टू सक्रिय करणारा पदार्थ' अशी असते ती यामुळे. पण सक्रिय करणं म्हणजे एन्झाइमला किल्ली देणं नव्हे. कात्री होती तशीच राहते, बदलतो तो तागा. हे वाचलं तेव्हा मला फार आवडलं. आम्ही रिअॅक्शन इंजिनिअरिंगमध्ये कॅटॅलिस्टबद्दल इतकं बोलतो, आणि इथे वेग वाढवायची सगळी खुबी इंटरफेसमध्ये!

एक शंका कोणाच्याही मनात येईल. पडदे फोडणारा हा पदार्थ माशीच्या स्वतःच्या विषग्रंथीत तयार होतो, मग तिच्या पेशी कशा वाचतात? निसर्गाने इथे सेफ्टी इंटरलॉक बसवलेला आहे. ग्रंथीत आधी प्रोमेलिटिन तयार होतं. म्हणजे मेलिटिनच्या पुढे एक जादा तुकडा जोडलेला असतो, आणि त्यात ऋण भाराची अमिनो आम्लं भरपूर. त्यामुळे ते निरुपद्रवी असतं. मग एक एन्झाइम तो जादा तुकडा दोन-दोन कड्यांनी कुरतडत नेतं आणि शेवटी खरं मेलिटिन उरतं. हा उलगडा साल्झबुर्गच्या गुंथर क्राइल यांच्या गटाने केला.

आता मोकळ्या झालेल्या अॅराकिडोनिक आम्लाच्या मागे जाऊ. त्याला दोन मोठ्या वाटा असतात. एका वाटेवर सायक्लोऑक्सिजनेज, म्हणजे कॉक्स, नावाचं एन्झाइम उभं असतं. ते आम्लाचं रूपांतर प्रोस्टाग्लँडिनांत करतं. दुसऱ्या वाटेवर लायपॉक्सिजनेज, आणि त्या वाटेने तयार होतात ल्युकोट्राइनं. हे दोन फाटे लक्षात ठेवा, माझी चूक नेमकी इथेच होती.

प्रोस्टाग्लँडिन हे नाव १९३० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दिलं. पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीतून ते येतं अशी समजूत होती म्हणून. पुढे कळलं की शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते बनतं. वेदनेत त्याचं काम थोडं आडवळणाचं आहे. प्रोस्टाग्लँडिन ई-टू मज्जातंतूंच्या टोकांना हळवं करतं, म्हणजे त्यांचा थ्रेशोल्ड खाली आणतं. एरवी न जाणवणारा स्पर्शही मग झोंबतो. डंख झालेल्या जागेवर शर्टाची बाही घासली तरी जीव जातो, तो यामुळे.

आणि ती आग? आग्या हे नाव ज्याने दिलं त्याला बायोकेमिस्ट्री येत नसेल, पण निरीक्षण पक्कं होतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जो रिसेप्टर उघडतो, त्याचं नाव टीआरपीव्ही-वन. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला, आणि या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उष्णतेलाही तोच उघडतो, म्हणून मेंदूला तिखट आणि गरम यांत फार फरक करता येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी संशोधकांच्या प्रयोगांत दिसलं की मेलिटिन वेदना वाहणाऱ्या पेशींतला हाच रिसेप्टर उघडतं, पण थेट नाही. आधी फॉस्फोलायपेज ए-टू जागी होते, तिच्यापासून पुढे तयार होणारे पदार्थ टीआरपीव्ही-वन उघडतात. म्हणजे आग लावायला माशी फक्त काडी आणते. लाकूडफाटा आपल्याच भिंतीतला.

आता गोळी. अॅस्पिरिन बायर कंपनीने १८९९ मध्ये बाजारात आणलं, पण ते नेमकं काय करतं हे कळायला १९७१ उजाडलं. इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी दाखवलं की ते प्रोस्टाग्लँडिन बनवणंच थांबवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सगळी मंडळी त्याच घराण्यातली, कॉक्स अडवणारी. (गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं जवळपास संपली आणि २००६ मध्ये सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली, तेच हे डायक्लोफिनॅक.) व्हेन यांना १९८२ चं नोबेल स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्याबरोबर मिळालं. आपण डोकं दुखलं की सहज तोंडात टाकतो त्या गोळीमागे एवढी मोठी गोष्ट आहे.

पण नीट बघा, गोळी कॉक्सवर काम करते. म्हणजे कात्रीच्या पुढे, आणि दोन फाट्यांपैकी एकाच फाट्यावर. फॉस्फोलायपेज चालूच आहे, अॅराकिडोनिक आम्ल सुटतंच आहे. एक वाट बंद केली की माल दुसऱ्या वाटेने वळतो. दम्याच्या काही रुग्णांत अॅस्पिरिनसारख्या गोळीने ल्युकोट्राइनं वाढतात आणि श्वासनळ्या आवळल्या जातात. दम्याच्या माणसाला कुठलीही पेनकिलर विचारल्याशिवाय देऊ नये, ते याच कारणाने. मी माझ्या मित्राला दमा आहे का ते विचारलंही नव्हतं. नशिबाने नव्हता.

त्याला झालं ते वेगळंच होतं, आणि त्यात प्रोस्टाग्लँडिन मुख्य आरोपी नव्हतंच. त्याला अॅलर्जी होती. लहानपणी कधीतरी माशी चावली असणार, तेव्हा शरीराने विषातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाच्या अँटीबॉडी बनवून ठेवल्या. गंमत अशी, की मधमाशीच्या विषातल्या ज्या प्रथिनांची शरीर अशी ओळख ठेवतं त्यांतलं एक प्रमुख प्रथिन म्हणजे ती कात्री, फॉस्फोलायपेज ए-टू. पुढच्या वेळी तो चेहरा दिसला की मास्ट पेशी एका झटक्यात हिस्टॅमिन आणि इतर बरंच काही ओततात. गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. याला अॅनाफिलॅक्सिस म्हणतात. यात चौदा डंखांची गरज नसते, एक पुरतो. आणि यावर कॉक्स अडवून काहीही उपयोग नाही. उलट अॅलर्जीवर अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात की काही लोकांत या गोळ्या अॅनाफिलॅक्सिसचा जोर वाढवतात.

यावर पहिलं औषध एकच, अॅड्रेनलिन, मांडीच्या स्नायूत. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या उघडतं आणि मास्ट पेशींना आवरतं. स्टेरॉइडचं इंजेक्शनही दवाखान्यात देतात. ते वरच्या साखळीत गोळीच्याही आधी, म्हणजे फॉस्फोलायपेजच्या पातळीवर लगाम घालतं. पण स्टेरॉइडला पेशीकडून आधी नवी प्रथिनं बनवून घ्यावी लागतात, तेव्हा कुठे लगाम बसतो. त्याला तास लागतात. घसा बंद होत असलेल्या माणसाकडे तास नसतात. आमच्या डॉक्टरांनी हे मला कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या, प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर आकृती काढून समजावलं. व्हायव्हामध्ये इतकं कोणी समजावलं असतं तर!

दुसरा धोका अॅलर्जी नसलेल्यांना. डंखांची संख्या खूप झाली की मेलिटिन स्थानिक राहत नाही. रक्तात पोचलं की तांबड्या पेशींचे पडदे फुटतात, स्नायूंच्या पेशींचे फुटतात. त्यांतून बाहेर आलेलं हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडांत जाऊन अडकतं. लघवी चहासारखी लाल-तपकिरी होते, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. भारतातल्या रुग्णालयांतून मोहोळाच्या हल्ल्यानंतर डायलिसिस करावं लागलेल्या रुग्णांच्या नोंदी बऱ्याच आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांतून काढलेला घातक डोस किलोमागे २.८ मिलिग्रॅम विष. ६० किलोच्या माणसाला लावला तर, एका डंखात ०.१ मिलिग्रॅम विष धरून, साधारण सतराशे डंख येतात. हा आकडा ऐकून कोणी निश्चिंत होऊ नये. मूत्रपिंडांना इजा व्हायला त्याच्या कितीतरी कमी डंख पुरतात. ५० च्या वर डंख असतील तर माणूस हसत-खेळत असला तरी त्याला दवाखान्यात दाखल करून लघवी आणि रक्त तपासलंच पाहिजे. मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर त्याच्याही आधी.

आणि इथे गोळी पुन्हा आडवी येते. मूत्रपिंडांवर ताण आला की तिथला रक्तपुरवठा टिकवून धरायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. नेमक्या त्याच वेळी कॉक्स बंद करणं म्हणजे पंप ट्रिप व्हायच्या बेतात असताना बायपासही बंद करणं. म्हणून खूप डंख झालेल्या माणसाला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आपल्या मनाने देऊच नये. दोन-तीनच डंख असतील, दमा नाही, अॅलर्जी नाही, तर बर्फ लावावा, पॅरासिटामॉल घ्यावी, बास. जागा सुजेल, दुसऱ्या दिवशी खाजेल.

जव्हार-मोखाड्याच्या भागात फॉस्फोलायपेज ए-टूची एक आणखी वाईट ओळख आहे, ती घोणशीच्या विषातली. तिथे भाताच्या कामांच्या दिवसांत सर्पदंश हा रोजचा धोका असतो. त्यावर निदान प्रतिविष आहे, हाफकिनने ते वर्षानुवर्षं बनवलं आहे. मधमाशीच्या विषावर आपल्या दवाखान्यांत प्रतिविष नसतं. तिथे लक्षणांप्रमाणेच लढावं लागतं, म्हणून वेळ महत्त्वाचा. आणि सूर्यमाळच्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नसलेली वळणं बरीच आहेत. १०८ ला फोन लागेपर्यंत वाट बघत बसण्यापेक्षा मिळेल त्या गाडीने खोडाळ्याच्या आरोग्य केंद्राकडे किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघावं, आणि रेंज आली की फोन करावा.

मोहोळ उठल्यावर काय करायचं, हेही आम्हाला त्या बाबांनीच परतीच्या वेळी सांगितलं. हात झाडायचे नाहीत. तोंड-डोकं शर्टाने झाकायचं आणि सरळ रेषेत पळायचं, घर किंवा गाडी मिळेपर्यंत. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माशा वर वाट बघतात. यातल्या पळण्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. मधमाशी डंख मारते तेव्हा तिची काटेरी नांगी कातडीत अडकून राहते आणि तिथून एक वास सुटतो. त्यातला एक घटक आयसोअमाइल अॅसिटेट, आपण लॅबमध्ये एस्टरच्या प्रयोगात बनवतो तेच, पिकलेल्या केळ्याच्या वासाचं. बाकीच्या माशांसाठी तो वास म्हणजे 'इथे मारा' असा बाण. एका डंखाच्या जागी थांबलात की पुढचे दहा तिथेच येतात.

सुरक्षित जागी पोचल्यावर पहिलं काम नांग्या काढणं. विषाची पिशवी नांगीला लटकलेली असते आणि माशी उडून गेल्यावरही विष ढकलत राहते. बरंचसं विष पहिल्या वीस सेकंदांतच आत जातं. चिमटीत धरू नका, नखाने खरवडा, असं पूर्वी सांगायचे. १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या प्रयोगात कसं काढलं याने फरक पडला नाही, किती लवकर काढलं याने पडला. आम्ही त्या दिवशी नांग्या काढायला एटीएम कार्ड शोधत बसलो होतो.

त्या भागातले लोक आग्या मोहोळाचा मध पिढ्यान्‌पिढ्या काढत आले आहेत, तेही अंधाऱ्या रात्री, दोर आणि धूर यांच्या भरवशावर. पूर्वी पेटता पलिता लावून सगळं मोहोळ जाळायचे, अजूनही कुठे कुठे जाळतात. त्यात माशाही मरतात आणि पिल्लंही. आग्या माशीच्या पोळ्यात मध वरच्या कोपऱ्यात, फांदीलगत असतो, पिल्लं खाली. तेवढाच मधाचा भाग कापून बाकीचं पोळं ठेवलं तर माशा राहतात आणि पुन्हा मध भरतात. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. अंगभर पोशाख घालून अशा तऱ्हेने मध काढण्याचं प्रशिक्षण तिने राज्याबाहेरच्याही मध काढणाऱ्यांना दिलं आहे. आग्या माशी पेटीत पाळता येत नाही, पेटीतली ती सातेरी किंवा मेलिफेरा. आग्या स्वतःच्या मर्जीने येते, फुलोरा संपला की स्वतःच्या मर्जीने जाते.

आता आपल्या टाकीखालच्या मोहोळाकडे. ते जाळायचं की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं यावर मेसमध्ये जोरदार चर्चा चालू आहे. जाळलं तर रात्री चवताळलेल्या माशा तीन मजल्यांवर पसरतील, आणि प्रत्येक गॅलरीत ट्यूबलाइट आहे. आग्या माशा चांदण्या रात्रीही चरायला बाहेर पडतात आणि दिव्याकडे खेचल्या जातात. सकाळी गॅलरीत ज्या अर्धमेल्या माशा दिसतात त्या इथल्याच, आणि अनवाणी पाय पडला तर त्या चावतात. म्हणून रेक्टर सरांना आम्ही विनंती केली आहे, की मोहोळ हलेपर्यंत टाकीकडच्या बाजूचे गॅलरीतले दिवे रात्री दहानंतर बंद ठेवावेत, गच्चीचं दार कुलूपबंद असावं आणि प्रथमोपचाराच्या पेटीबाहेर जवळच्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लावावा. दिव्यांचं आणि कुलपाचं झालं. नंबर अजून लागायचा आहे.

ज्यांना आधी कधी मधमाशी चावून अंगभर गांधी उठल्या असतील त्यांनी तेवढं रूममेटला सांगून ठेवा. आमचा मेकॅनिकलवाला आता अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जातो. पुढच्या ट्रेकला येणार म्हणतो, फक्त काटेसावर सोडून कुठेही.